अंगठ्याचा मान

एका गावात एक भोळा गडी होता, असं आपलं म्हणायचं. भोळा हा शब्द गावानं त्याच्या तोंडावर वापरायला ठेवला होता. पाठीमागं वापरायचा शब्द वेगळा होता. गड्याचं नाव केरबा. त्याच्या बायकोचं नाव आक्काताई. ती त्याला तोंडानं 'अवो' म्हणायची. मनातून काय म्हणायची ते फक्त म्हशीला ठाऊक होतं, कारण धार काढताना ती म्हशीशीच बोलायची.

केरबा आळशी नव्हता. उलट बोलणारा नव्हता. विसराळू तर मुळीच नव्हता. एकदा सांगितलेली गोष्ट तो जन्मात विसरत नसे. फक्त ती कुठं वापरायची, तेवढं त्याला कळत नसे. त्यापेक्षा विसराळू माणूस परवडला, असं आक्काताई म्हशीला रोज सांगायची.

गावात भैरोबाची यात्रा चैत्रात भरते. यात्रेत सासनकाठी नाचवतात. म्हणजे दोन मजल्यांएवढा उंच वेळू, वर निशाण, गोंडे, तुरे. चार बाजूंनी चार गडी दोर ताणून धरतात आणि मधे एकटा मानकरी कमरेला शेला बांधून, शेल्याच्या घडीत काठीचा बुडखा रोवून, हलगीवर नाचत वेशीपासून देवळापर्यंत जातो. काठी जमिनीला टेकली तर अपशकुन. आणि देवळाची घंटा वाजते तेव्हा काठी ज्याच्या हातात, त्याच्या कपाळाला गुरव गुलाल लावतो. ज्याच्या कपाळाला गुलाल, त्याच्या घरात मान. त्या घरच्या बाईनं भैरोबाशेजारच्या देवीची ओटी सगळ्या गावाच्या आधी भरायची.

हा मान तीस वर्षं केरबाच्या बापाकडं होता. म्हणजे तीस वर्षं पहिली ओटी सासूनं भरली आणि त्यातली अठरा वर्षं आक्काताई तिच्या मागं ताट धरून उभी राहिली. आता सासू गेली, सासराही गेला. ह्या चैत्रात काठी केरबानं उचलायची आणि पहिली ओटी आक्काताईनं भरायची. अठरा वर्षं तिनं ह्या एका गोष्टीची वाट बघितली होती. हिरवं लुगडं आधीच घेऊन ठेवलं होतं.

अडचण एकच. काठीचा बुडखा कमरेला टेकवायचा आणि केरबाला कमर नव्हती. कमरेच्या जागी पोट होतं. वेळू टेकवला की तो पोटावरून घसरायचा आणि केरबा दोन पावलं मागं जायचा. शेजारच्या घरात केरबाचा चुलतभाऊ रंगराव राहायचा. तो हे कुडावरून बघायचा आणि आपल्या बायकोला, मालनला, हाक मारून दाखवायचा. केरबाच्या हातून काठी गेली तर ती रंगरावच्या हातात येणार होती. भावकीतला दुसरा हक्क त्याचा.

आक्काताई केरबाला घेऊन तालुक्याला गेली. मुल्ला डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं, रक्तदाब बघितला, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "आजार काही नाही. वजन आहे. चार महिने भात, भाकरी, चपाती बंद. साखर, गूळ, बटाटा बंद. अंडी खा, मटण खा, मासे खा, पालेभाजी खा, ताक प्या. ताटात भाकरी दिसता कामा नये."

"न्हाई दिसणार," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आक्काताईनं त्याला चार अंडी आणि मेथीची भाजी वाढली. केरबा एकेक घास घ्यायचा आणि मधेच मांडीवरच्या टॉवेलाखाली हात घालायचा. आक्काताईनं टॉवेल उचलला. खाली दोन भाकऱ्या होत्या.

"अवो, हे काय?"

"ताटात दिसत्यात का तुला?" केरबा म्हणाला. "बाईंनी दिसायच्या न्हाईत म्हणून सांगितलंय. मी झाकल्यात."

आक्काताईनं त्या दिवसापासून घरात भाकरी थापणंच बंद केलं. स्वतःला दोन लागायच्या त्या ती गोठ्यात बसून खायची. मानासाठी बाई काय करेल सांगता येत नाही.

पोट उतरलं, हे मान्य केलं पाहिजे. अडीच महिन्यांत केरबाला कमर दिसू लागली. काठी शेल्यात बसू लागली. रंगराव कुडावरून बघायचा, पण मालनला हाक मारेनासा झाला. आणि नेमकं तेव्हाच एका पहाटे केरबा अंथरुणात उठून बसला आणि त्यानं अशी बोंब ठोकली की म्हशीनं दावं तोडलं. पायात गोळा आला होता. पोटरी दगडासारखी झाली होती. थोड्या वेळानं ती सैल झाली. दुसऱ्या दिवशी काठीच्या सरावात पुन्हा गोळा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

ऐन नाचात गोळा आला तर काठी पडणार, हे आक्काताईला लगेच कळलं. पण शाळूची काढणी चालली होती, तिला हलता येईना. तिनं केरबाला एकट्यालाच तालुक्याला पाठवलं. ही तिची चूक. तिनं ती पुढं कबूल केली, म्हशीजवळ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. भाकरी-भात बंद झाला की अंगातलं पाणी भराभर उतरतं आणि पाण्याबरोबर मीठ जातं. मग पोटऱ्या वळतात. तुम्हाला रक्तदाब नाही, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाण्यात थोडं मीठ घाला."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, पुढचं कुणालाही कळेल. त्यांची केरबाशी ओळख तशी थोडीच होती.

केरबा येताना खडेमिठाची पिशवी घेऊन आला आणि त्यानं पाण्यात मीठ घातलं. घागरीत घातलं. रांजणात घातलं. म्हशीच्या डोणीत घातलं. न्हाणीतल्या हंड्यात घातलं. एवढं करून मीठ उरलं तेव्हा, भावकी आहे म्हणून, रंगरावच्या हौदातही घातलं. संध्याकाळी पुन्हा सगळीकडं घातलं, कारण बाईंनी सकाळ-संध्याकाळ म्हणून सांगितलं होतं.

आक्काताईचा चहा नासला. म्हशीनं डोणीला तोंड लावलं आणि मान फिरवली, ती दोन दिवस फिरवलेलीच. मालननं त्या पाण्यात आमटी केली आणि वर आपलं नेहमीचं मीठ घातलं. मग ती पातेलं घेऊन आक्काताईच्या दारात आली. त्यानंतर जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"अवो, पाण्यात मीठ कशाला घातलं?" आक्काताईनं विचारलं.

"बाईंनी घालायला सांगितलं."

"आणि प्यायचं कुणी?"

"त्ये न्हाई सांगितलं."

आक्काताईनं कपाळावर हात मारला. "अवो, औषध हाय ते! औषध हौदात घालत न्हाईत, पोटात घालत्यात. हितनं पुढं कुणी बी औषध म्हणून काय दिलं की आधी पोटात घालायचं. कळलं?"

"कळलं. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं. तेच तर दुखणं होतं.

दोन दिवसांनी आक्काताईनं तिळाच्या तेलात ओवा घालून चांगलं कढवलं. वाटीभर तेल झालं. तिनं ते कोमट करून केरबाच्या पुढं ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. पोटरीचं औषध केलंय." आणि ती शेण काढायला गेली.

परत आली तर वाटी रिकामी. केरबा मिशा पुसत होता.

"एवढं सगळं चोळलं?" तिनं विचारलं.

"चोळलं न्हाई. पोटात घातलं. ओव्याचा वास बरा हुता."

त्या दिवशी केरबा तांब्या घेऊन उसाच्या फडाकडं नऊ वेळा गेला. म्हणजे नऊपर्यंत आक्काताईनं मोजलं, पुढं सोडून दिलं. अंगात जे काही पाणी आणि मीठ साठलं होतं तेही फडाला मिळालं. दुसऱ्या दिवशी पहाटे एकाच्या जागी दोन्ही पोटऱ्या वळल्या.

"अवो, ते तेल हुतं!" आक्काताई त्याच्या पायाशी बसून ओरडली. "तेल पितंय का कुणी? पोटरीसाठी म्हणून जे दिलं ते पोटरीला लावायचं! पोटरीला!"

"परवा तूच म्हणालीस पोटात."

"ते मिठाचं! हे पोटरीचं!"

"बरं," केरबा कण्हत म्हणाला. "पोटरीचं ते पोटरीला. ध्यानात ठेवतो."

यात्रा तीन आठवड्यांवर आली. आक्काताई ह्या वेळी स्वतः तालुक्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी तेलाची हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, "नुसत्या मिठानं भागणार नाही. पालक द्या रोज. भोपळ्याच्या बिया द्या. हाडांचा रस्सा द्या, त्यात मीठ बेतानं घाला. पाणी भरपूर. पोटऱ्या सुधारतील."

आक्काताईनं मन लावून रांधलं. बोकडाची नळी आणून रस्सा उकळला. पालक परतला. भोपळ्याच्या बिया भाजून वाटीत काढल्या. ताट वाढलं आणि म्हणाली, "हे बघा, हे सगळं पोटऱ्यांसाठी हाय. काय ठेवायचं न्हाई. सगळं संपवा." खळ्यावर कणसं राखायला माणूस नव्हता म्हणून ती शेताकडं गेली.

दुपारी ती घरी आली तेव्हा गल्लीतली पाच कुत्री तिच्या अंगणात होती. केरबा कट्ट्यावर पाय पसरून बसला होता. दोन्ही पोटऱ्यांवर पालक थापलेला होता. पालकावर भोपळ्याच्या बिया ओळीनं चिकटवल्या होत्या. रस्सा वरून ओतलेला होता आणि तो कुत्री चाटत होती.

"संपवलं," केरबा म्हणाला. "बिया तेवढ्या कुत्री खात न्हाईत."

रंगराव कुडापलीकडं उभा होता. त्यानं ह्या वेळी मालनलाच नव्हे, तर अख्ख्या आळीला हाक मारली. मालन पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जाऊबाई, पाय शिजल्यावर आमाला बी वाटीभर द्या."

आक्काताईला रडू आलं. ती आत गेली आणि चुलीपुढं बसून खरंच रडली. अठरा वर्षं ताट धरलं, आणि आता आपली पाळी आली तर हा माणूस पायाला कालवण लावून बसतो. त्या क्षणी तिला वाटलं, काठी आपणच उचलावी. पण बाईनं काठी उचलायची रीत नव्हती. गाढवानं उचलायला मात्र हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं केरबाला काहीही सांगायचं बंद केलं. ती त्याच्यापुढं बसायची. पालक त्याच्या तोंडात, रस्सा त्याच्या तोंडात, बिया त्याच्या तोंडात. मिठाचं पाणी स्वतः त्याच्या ओठाला लावायची आणि तांब्या रिकामा होईपर्यंत हलायची नाही. तेल ती स्वतः चोळायची. डोकं वापरायचं काम घरात एकाकडंच ठेवल्यावर सगळं सुधारलं. आठवड्याभरात गोळे कमी झाले. एखादा चुकार गोळा येई तेवढाच.

त्या चुकार गोळ्यासाठी डॉक्टरीणबाईंनी शेवटचा उपाय सांगितला. दोघांना समोर बसवून करून दाखवला. "गोळा आला की खाली बसायचं. पायाचा अंगठा धरायचा आणि आपल्याकडं ओढायचा. गोळा उतरेपर्यंत सोडायचा नाही. सांगा बघू."

"खाली बसायचं. अंगठा धरायचा. वढायचा. सोडायचा न्हाई," केरबानं सांगितलं. तीनदा विचारलं, तीनदा बरोबर सांगितलं. आक्काताईला बरं वाटलं. ते तसं वाटायला नको होतं.

यात्रेच्या आठ दिवस आधी मानकऱ्याला विडा देतात. आबा गुरव देवळाच्या तिसऱ्या पायरीवर मांडी घालून बसतो, म्हातारपणामुळं एक पाय खाली सोडून. मानकरी त्याच्यापुढं दंडवत घालतो आणि गुरव त्याच्या हातात नारळ आणि विडा ठेवतो. सारा गाव जमला होता. केरबा दंडवताला वाकला, गुडघे टेकले, आणि त्याच्या पोटरीत गोळा आला.

केरबा घाबरला नाही. त्याला उपाय ठाऊक होता. खाली तर तो बसलेलाच होता. आता अंगठा धरायचा. समोर एक अंगठा होता. त्यानं तो धरला आणि आपल्याकडं ओढला.

आबा गुरव तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आला, दुसरीवरून पहिलीवर आला आणि पहिलीवरून केरबाच्या मांडीवर आला. नारळ त्याच्या आधीच खाली पोचला होता.

"सोड! आरं सोड, भाड्या!" गुरव ओरडला.

"गोळा अजून उतरला न्हाई, आबा," केरबा म्हणाला.

चार माणसांनी मिळून अंगठा सोडवला. आबा गुरवानं धोतर झटकलं आणि विडा दिला, कारण विडा द्यायचाच असतो. पण म्हणाला, "बापाकडं बघून देतोय. काठीच्या येळंला असला चाळा झाला तर मान रंगरावच्या घरात गेला म्हणून समज."

आक्काताईनं केरबाला देवळाच्या मागं पिंपळाखाली नेलं. तिथं तिनं त्याला इतकं बोलून घेतलं की पारावरची माणसं उठून गेली. शेवटी ती म्हणाली, "अवो, दुसऱ्याचा अंगठा वढून आपला गोळा जातोय व्हय? ज्याचा पाय वळला त्याचाच अंगठा वढायचा! मग तो राजा असू दे न्हाईतर भिकारी! दुसऱ्या कुणाचा न्हाई!"

"ज्याचा पाय वळला त्याचाच," केरबा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

पिंपळाच्या पलीकडं रंगराव विडी ओढत बसला होता. त्यानंही ध्यानात ठेवलं.

यात्रेच्या दिवशी आक्काताईनं काही कमी ठेवलं नाही. पहाटे उठून रस्सा पाजला, मिठाचं पाणी पाजलं, पोटऱ्या रगडल्या. गावभर पुरणपोळ्यांचा वास सुटला होता, म्हणून केरबाच्या नाकात तिनं कापूस घातला. मग त्याला समोर उभं करून म्हणाली, "आज फक्त एक ध्यानात ठेवा. काठी जमिनीला टेकवायची न्हाई. तुमचा पाय वळू दे, तुटू दे, दात-ओठ खावा आणि उभं ऱ्हावा. काठी जमिनीला टेकवायची न्हाई."

"टेकवायची न्हाई," केरबा म्हणाला.

तिनं सगळा विचार केला होता. केरबाचा पाय वळला तर काय, ह्याचा. दुसऱ्या कुणाचा वळला तर काय, ह्याचा विचार शहाण्या माणसाच्या डोक्यात येत नाही.

वेशीत हलगी कडाडली. केरबानं काठी उचलली. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" गाव ओरडलं आणि केरबा नाचायला लागला. आणि खोटं कशाला बोला, तो चांगला नाचला. पोट नव्हतं, पाय हलके पडत होते, काठी वर सरळ उभी होती आणि गोंडे उडत होते. म्हातारी माणसं म्हणाली, बाप दिसतोय. आक्काताई हिरवं लुगडं नेसून ओटीचं ताट घेऊन बायकांच्या पुढं चालली होती. तिला पहिल्यांदाच वाटलं, माणूस अगदीच वाया गेलेला नाही. तिचे डोळे भरून आले. म्हणूनच तिला नीट दिसलं नाही की, पुढचा दोर धरलेल्या रंगरावनं आज कमरेला नवाकोरा शेला बांधलाय. दोर धरणाऱ्याला शेला कशाला लागतो?

देवळाच्या पायऱ्या चाळीस पावलांवर आल्या. आबा गुरव घंटेची दोरी धरून उभा राहिला. तेवढ्यात रंगरावनं दोर शेजारच्या गड्याच्या हातात दिला, केरबाच्या समोर फतकल मारली आणि पाय धरून बोंब ठोकली, "आयायाया! पोटरी वळली! मेलो रं केरबा, पोटरी वळली!"

केरबा थांबला. काठी हातात धरून तो रंगरावकडं बघत उभा राहिला. केरबा विचार करत होता. ते बघूनच आक्काताईनं भैरोबाचं नाव घेतलं.

त्याच्यापुढं पेच होता. ज्याचा पाय वळला त्याचाच अंगठा ओढायचा. अंगठा ओढायला दोन हात लागतात. हातात काठी आहे. काठी जमिनीला टेकवायची नाही. असल्या पेचात एरवी त्यानं आक्काताईला विचारलं असतं, पण ती मागं बायकांबरोबर होती. केरबानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं मार्ग काढला.

"धर रंगू," तो म्हणाला. "काठी टेकवायची न्हाई बरं का. मी तुझा अंगठा वढतो."

रंगरावनं बसल्या जागी शेल्याची घडी उघडली आणि काठीचा बुडखा त्यात घेतला. दोरवाल्यांनी दोर ताणले. केरबा खाली बसला आणि त्यानं रंगरावचा अंगठा धरला.

"अवो!" आक्काताई ताट टाकून धावली. तांदूळ, नारळ, खण, सगळं मातीत. "अवो सोडू नका! सोडू नका!"

तिला काठी म्हणायची होती. पण तिचा आवाज पोचला तेव्हा केरबाच्या हातात अंगठा होता. त्यानं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

घंटा वाजली. आबा गुरव पायऱ्या उतरून आला, काठी कुणाच्या हातात आहे ते त्यानं बघितलं, सुस्कारा टाकला आणि रंगरावच्या कपाळाला गुलाल लावला. मालनच्या हातात ओटीचं ताट तयारच होतं. ती आक्काताईच्या अंगावरून गेली आणि पहिली ओटी भरून मोकळी झाली.

"बरं झालं आता," रंगराव हसत म्हणाला. "गोळा गेला, केरबा. सोड."

"हिनं सोडू नका म्हणून सांगितलंय."

"आरं पर गोळाच गेला!"

"तुझा गेला आसंल. हिनं सांगितलंय."

रंगरावनं पाय झटकला. केरबानं अंगठा जास्त घट्ट धरला. मानकऱ्यानं काठी घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालायची असते, आणि मानकऱ्याला उठताच येईना. गाव दाटी करून बघायला लागलं. तेवढ्यात आक्काताई गर्दीतून वाट काढत तिथं पोचली. तिनं रंगरावच्या कपाळाचा गुलाल बघितला. मालनच्या हातातलं रिकामं ताट बघितलं. मग खाली बसलेल्या आपल्या नवऱ्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "सोडला न्हाई बघ."

आक्काताईनं पदर कमरेला खोचला.

"मान गेला त्येंच्या घरात," ती म्हणाली. "आता त्यो अंगठा तरी घिऊन चला आपल्या घरात!"

"बरं," केरबा म्हणाला.

तो उठला आणि अंगठा घेऊन घराकडं निघाला.

अंगठ्याला रंगराव जोडलेला होता. तो पाठीवर आडवा झाला आणि मातीतून निघाला. काठी सोडावी, तर ती जमिनीला टेकणार आणि पाच मिनिटांपूर्वी मिळालेला मान जाणार. म्हणून रंगरावनं दोन्ही हातांनी ती छातीवर उभी धरली आणि बोंबलत राहिला. काठी चालली म्हणून दोरवाले धावले. दोरवाले धावले म्हणून हलगीवाला वाजवायला लागला, कारण काठीपुढं हलगी वाजलीच पाहिजे. हलगी वाजली म्हणून गाव मागून चालायला लागलं. रंगराव 'मेलो' म्हणायचा आणि गाव 'चांगभलं' म्हणायचं. देवळापासून केरबाच्या दारापर्यंत वाटेत खडी टाकलेली आहे.

केरबानं अंगठा उंबऱ्यावर नेऊन ठेवला. "आणला," तो म्हणाला. "कुठं ठिवू?"

आता ह्यात मोठा मूर्ख केरबा, असं कुणाला वाटेल. पण तो एकटा होता. गाव दीड हजाराचं आहे. त्या संध्याकाळी पारावर बसून गावानं विचार केला आणि सगळ्यांना पटलं की काठी एवढी सरळ, एवढा वेळ, आजवर कधीच उभी राहिली नव्हती. दोन म्हाताऱ्यांना तर आठवलंसुद्धा, की आपल्या आज्याच्या काळी मानकऱ्याला असंच नेत. पाऊसही त्या साली बरा झाला. झालं. पुढच्या चैत्रात आबा गुरव दोन विडे घेऊन निघाला. एक काठीचा, रंगरावच्या घरी. एक अंगठा ओढायचा, केरबाच्या घरी.

रंगराव त्याच दिवशी आक्काताईच्या पाया पडायला आला. "वैनी, काठीचा मान तुमच्याच घरात शोभतोय. परत घ्या."

"न्हाई भावजी," आक्काताई म्हणाली. "देवानं दिलेलं परत करू नये."

तेव्हापासून दर यात्रेला रंगराव काठी छातीवर धरून खडीवरून जातो आणि केरबा त्याला अंगठ्याला धरून ओढतो. पहिली ओटी मालन भरते, पण नवऱ्याच्या पाठीला हळद लावायची असल्यामुळं तिला घाईनं भरावी लागते. अंग जेवढं हलकं तेवढी पाठ कमी सोलते, असं कुणीतरी सांगितल्यापासून रंगरावनं भात, भाकरी, गूळ सगळं सोडलंय. वजन उतरलं. आणि पहाटे पहाटे त्याच्या पोटऱ्या वळतात, आता अगदी खऱ्या वळतात. तो अंथरुणात उठून बसतो, उशी तोंडात कोंबतो, डोळ्यांतून पाणी काढतो, पण तोंडातून चकार शब्द काढत नाही. केरबा शेजारीच राहतो.